इंजिनाला शून्य नसतं: क्लचच्या मॉडेलच्या नोंदी

६ जानेवारी

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी आमच्या सोलापूरच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गातल्या पोरांनी क्लचचं कट सेक्शन, म्हणजे आतलं दिसेल असं कापलेलं मॉडेल, करायचं ठरवलं. पोरं चौघं, देखरेखीला मी. मारुती ८०० चं इंजिन गिअरबॉक्ससकट भंगारात मिळालं. ब्लॉकला तडा गेलेला, त्यामुळे ते पुन्हा चालू होण्याचा प्रश्नच नाही. कापायला मन मोकळं.

सुरुवातीलाच विचारलं, "क्लच कशाला लागतो रे?" चौघांनी एका सुरात म्हटलं, "इंजिनची शक्ती गिअरबॉक्सला जोडण्यासाठी व तोडण्यासाठी." पाठ आहे. परीक्षेत या वाक्याला मार्क पडतात, तक्रार नाही. पण तोडायची कशाला? "गिअर टाकायला, सर." बरं, समजा गाडीला एकच गिअर आहे, बदलायचाच नाही. मग क्लच काढून टाकू का? यावर कुणी काही बोलेना. एकानं हळूच "हो" म्हटलं.

मॉडेल या "हो"चं उत्तर द्यायला करायचं, असं ठरलं. नुसतं कापून, लाल-पिवळा रंग मारून टेबलावर ठेवलेली मॉडेलं दरवर्षी दहा असतात.

८ जानेवारी

गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवला. आत काळी धूळ साचलेली. पोरगं सवयीनं हवेचा पाइप घेऊन आलं, त्याला तिथंच थांबवलं. जुन्या प्लेटच्या अस्तरात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, ती धूळ उडवायची नाही. ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. गॅरेजात हे कुणी पाळत नाही. निदान इथं शिकताना तरी पाळावं.

प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली. फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) तोंडावर निळसर डाग, म्हणजे हा क्लच बऱ्याच वेळा तापून निघाला आहे. प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या फिंगर जिथं रिलीज बेअरिंग टेकतं तिथं चकचकीत होऊन किंचित खोल गेल्या आहेत. आधीचा मालक क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवत असणार. पाय नुसता टेकलेला असला तरी बेअरिंग फिंगरला लागून फिरत राहतं.

जोडणी पोरांना हातात देऊन दाखवली. फ्लायव्हील इंजिनाचं, प्रेशर प्लेट त्यालाच बोल्टनं बांधलेली, दोन्ही कायम इंजिनाबरोबर फिरणार. मधली क्लच प्लेट मात्र गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे उभ्या खाचांवर, बसते, ती गिअरबॉक्सची. डायफ्रॅमच्या दाबानं ती दोघांच्या मध्ये चिमटली जाते. पायानं दाबलं की केबल फोर्क ओढते, बेअरिंग फिंगर आत ढकलतं, बाहेरची कड उचलली जाते आणि प्लेट मोकळी होते.

किती जोरानं चिमटलेली असते, याचा हिशेब फळ्यावर केला. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साठच्या आसपास न्यूटन मीटर. क्लचला दीडपट धरायचा, म्हणजे ९०. घर्षणांक ०.३, घासणाऱ्या बाजू दोन, मधली त्रिज्या साधारण ६.५ सेंटीमीटर. दाब येतो २,३०० न्यूटन, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर वजन. प्लेट तळहाताएवढी, त्यामुळे पोरांना आधी पटलं नाही, पुन्हा मांडून बघितलं.

प्लेटच्या मध्याभोवतीच्या छोट्या स्प्रिंगा कशाला, हे त्यांनीच विचारलं. चांगला प्रश्न. तीन सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन, क्रँकच्या दर २४० अंशांना एक स्फोट. एक पॉवर स्ट्रोक १८० अंश टिकतो. मग उरलेले ६० अंश कोण ढकलतं? कुणीच नाही. तेवढा वेळ फ्लायव्हील आपल्या जोरावर ओढून नेतं. इंजिन असं गचके देत फिरतं, आणि ते गचके गिअरबॉक्सपर्यंत जाण्याआधी या स्प्रिंगा खातात.

११ जानेवारी

आज गिअरचं गुणोत्तर मोजलं. पुस्तकातून न घेता हातानं मोजायचं, असा माझा हट्ट. गिअरबॉक्स पहिल्यात टाकला, एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट घट्ट धरला, दुसऱ्यावर खडूची खूण केली आणि इनपुट शाफ्ट फिरवला. शाफ्टचे पावणेआठ फेरे झाले तेव्हा खूण जागेवर आली.

पोरांनी वहीत लिहिलं ७.७५. मी म्हटलं, गाडीत दोन्ही चाकं फिरतात, इथं एक धरून ठेवलंय. उंच पोरानं बरोबर पकडलं: डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) एक बाजू थांबवली की दुसरी दुप्पट फिरते. म्हणजे गाडी सरळ चालताना चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेपंधरा फेरे. तिसऱ्या गिअरमध्ये तसंच मोजून, दुप्पट करून पावणेसहा-सहाच्या दरम्यान आलं.

आता यातून जे निघतं ते सगळ्या मॉडेलचं मर्म आहे. इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, मिनिटाला ८०० फेरे धरू. भागिले साडेपंधरा, चाकाचे साधारण ५२ फेरे. टायरचा घेर १.६ मीटर. मिनिटाला ८३ मीटर, म्हणजे ताशी ५ किलोमीटर. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असताना ही गाडी याहून हळू चालूच शकत नाही. चालवायला गेलात तर इंजिन धडधडून बंद पडेल.

आणि गाडी तर शून्यावर उभी आहे. सात रस्त्याच्या सिग्नलला, दारात, पंपावर, सगळीकडे ती शून्यापासूनच निघते. शून्य ते पाच या टप्प्यात इंजिन ८०० च्या खाली येऊ शकत नाही आणि चाकं एकदम ५२ वर जाऊ शकत नाहीत. दोघांच्या मध्ये काहीतरी घसरलंच पाहिजे. क्लच म्हणजे ती घसरायची जागा. एकच गिअर असता तरी ही अडचण जागच्या जागी राहिली असती.

११ तारखेचं हे पान प्रदर्शनात मोठ्या अक्षरांत लावायचं.

१७ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आठवडा गेला. काम शून्य. एका पोराच्या घरचे नंदीध्वजाच्या मानाचे, त्याला तर विचारूच नये.

१९ जानेवारी

मॉडेल फिरवायला अर्ध्या एचपीची विजेची मोटर जोडायची, असं आराखड्यात होतं. आज जोडायला बसल्यावर लक्षात आलं की या मोटरीनं आपला मुद्दाच दिसणार नाही. क्लच पूर्ण जोडलेला ठेवून बटण दाबलं तरी मोटर शून्यापासून चाकासकट आरामात फिरायला लागणार. बघणारा म्हणेल, मग क्लच कशाला हवा होता? विजेच्या मोटरीला उभ्या जागी जोर असतो, उलट मोटरीची बरीचशी ताकद तिथंच असते. इलेक्ट्रिक स्कूटरला आणि बॅटरी रिक्षाला क्लच नाही तो यामुळेच.

पोरं हिरमुसली. मी मात्र खूश होतो, कारण यातूनच दुसरी गोष्ट आठवली. पोरांना घेऊन अक्कलकोट रोडच्या चाचांच्या गॅरेजात गेलो. चाचांकडे त्यांची स्वतःची जुनी ८०० आहे. त्यांना म्हटलं, "चाचा, पोरांना सेल्फवर गाडी चालवून दाखवा." चाचा हसले. "फाटकात गाडी बंद पडली की आम्ही असंच काढायचो. आताच्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फच लागत नाही, त्यात नाही व्हायचं."

मोकळ्या जागेत गाडी ढकलून नेली. कॉइलची वायर काढली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. पहिला गिअर टाकला, क्लचला पाय लावायचा नाही. चावी फिरवली. गाडी कुरकुरत, थोडे धक्के खात, पण हलली आणि पुढे सरकली! माणूस चालतो त्याहून बरीच हळू. चाचांनी चारपाच सेकंदांत चावी सोडली, जास्त वेळ मारलं तर सेल्फ जळतो आणि बॅटरी बसते.

तीच गाडी, तोच गिअरबॉक्स, क्लच पूर्ण जोडलेला. ढकलणारी मोटर विजेची होती म्हणून गाडी शून्यापासून निघाली. सेल्फ मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे देतो, म्हणजे ताशी सव्वा किलोमीटर. पेट्रोलवर इंजिन त्या वेगाला जिवंतच राहिलं नसतं.

का नसतं राहिलं, यावर परतताना चहाच्या गाडीवर बराच वेळ गेला. पॉवर स्ट्रोकच्या मधल्या काळात पुढच्या सिलिंडरची हवा दाबायची असते, ती ताकद फ्लायव्हीलमधून येते. फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गावर. आठशेला जेवढी, त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढीच दोनशेला. शिवाय इतक्या हळू फिरताना दाबलेली हवा रिंगांतून निसटायला आणि थंड व्हायला भरपूर वेळ मिळतो. उभ्या इंजिनात तर काहीच नाही, दाब नाही, स्फोट नाही.

वाफेचं इंजिन असं नव्हतं. आपल्या जिल्ह्यात १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी रुळांची. तिच्या वाफेच्या इंजिनांना क्लच लागत नव्हता. बॉयलरमध्ये वाफ तयार असते, गाडी उभी असली तरी झडप उघडली की पिस्टनवर पूर्ण दाब. डिझेल आलं तेव्हा रेल्वेलाही ही अडचण आली. तिथं बहुतेक मोठ्या इंजिनांत डिझेलनं वीज करायची आणि चाकं विजेच्या मोटरींनी फिरवायची, असा मार्ग काढला. हजारो अश्वशक्ती क्लच प्लेटवर घसरवत गाडी काढणं परवडणारं नव्हतं.

२३ जानेवारी

मोटर रद्द. खरं पेट्रोल इंजिन हवं. एका पोराच्या मामांकडे शेतातल्या पाण्याच्या पंपाचं छोटं इंजिन आहे, एका सिलिंडरचं. पंप सोडवून नुसतं इंजिन द्यायला ते तयार झाले. अट एकच, मार्चमध्ये उसाला पाणी द्यायच्या आत परत.

आता क्लच कोणता? कापलेल्या ८०० च्या प्लेटवर खरी ताकद द्यायची नाही. त्यात एक पोरगा पद्मशाली, घरी टॉवेलचे माग. म्हणाला, "सर, आमच्या जुन्या मागाला दोन पुल्या आहेत, बघून घ्या की." संध्याकाळी गेलो.

कारखान्यात आवाज एवढा की त्याच्या घरचे अण्णा आणि मी हातवारेच करत होतो. कोपऱ्यात बंद पडलेला जुना माग होता. त्याच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला सारख्या मापाच्या दोन ओतीव पुल्या, चिकटून. एक शाफ्टला चावीनं पक्की, ती फास्ट पुली. दुसरी बुशवर मोकळी फिरणारी, ती लूज पुली. वर पट्टा धरणारा फोर्क, तो मागाच्या हँडलला जोडलेला. हँडल सोडलं की पट्टा लूज पुलीवर जातो, पट्टा फिरतो, माग उभा. हँडल ओढलं की पट्टा फास्ट पुलीवर येतो, माग चालू.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, गिरणीत एकाच लांब शाफ्टवर माग ओळीनं चालायचे. एका मागावर धागा तुटला म्हणून शाफ्ट थांबवता येत नाही, तेवढ्याच मागाला सोडवायचं. मी विचारलं, मग प्रत्येक मागाला स्वतःची मोटर आल्यावरही ही सोय का ठेवली? अण्णांनी लगेच सांगितलं, "सर, धोट्याला पहिल्याच फटक्यात पूर्ण जोर पाहिजे. मोटर हळूहळू वेग घेईल तोवर धोटा मध्येच अडकतो." (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा.) मोटर आधी पूर्ण वेगात, मग जोडणी. म्हणजे विजेच्या मोटरीलाही कधी कधी क्लच लागतो, पण तिथलं कारण अगदी वेगळं. हे वहीत स्वतंत्र लिहून ठेवलं, प्रदर्शनात कुणी खोदून विचारलं तर.

आणि गंमत म्हणजे १८८६ मध्ये कार्ल बेंझनं पेटंट घेतलेल्या तीन चाकी मोटरगाडीत हीच युक्ती होती. पट्टा मोकळ्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवला की गाडी निघायची. पट्टे आणि पुल्या कारखान्यांत होत्याच, त्यानं त्या गाडीत बसवल्या. नंतर चामडं लावलेले शंकूच्या आकाराचे क्लच आले, मग प्लेटचे.

पुल्या अण्णांनी तशाच दिल्या. पैसे घेतले नाहीत, पोरांना शेंगाचटणीची पुडी वर दिली.

३ फेब्रुवारी

अँगलची चौकट वेल्ड केली. इंजिनावर रुंद छोटा ड्रम, समोर मागाच्या दोन पुल्या, त्याच शाफ्टवर भार म्हणून ट्रकचा जुना ब्रेक ड्रम. लूज पुलीचं बुश खूप झिजलंय, सध्या ग्रीस भरून चालवतोय. पट्ट्याभोवती जाळी बसवल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, हे फळ्यावर लिहिलं. सायलेन्सरचा पाइप खिडकीबाहेर काढला.

८ फेब्रुवारी

पहिली चाचणी. पट्टा लूज पुलीवर, दोरी ओढली, इंजिन लागलं. ब्रेक ड्रम उभा. हे न्यूट्रल.

मग उंच पोरानं फोर्क एका झटक्यात फास्ट पुलीवर ढकलला. "ढुक्" असा आवाज आणि इंजिन बंद. लायसन्सच्या चाचणीत क्लच फटकन सोडल्यावर जे होतं तेच.

दुसऱ्यांदा थोडी रेस देऊन फोर्क बोटभर सरकवला. पट्ट्याची कड फास्ट पुलीवर आली, चर्र आवाज, इंजिन थोडं दबलं पण मेलं नाही. ड्रम हलला. आणखी बोटभर. ड्रमनं वेग घेतला, घसरण कमी होत गेली, आवाज बदलला, शेवटी पट्टा आणि पुली एका वेगात आले आणि चर्र थांबलं. फोर्क हातात असताना ही घसरण बोटांना कळते. चौघांनीही आळीपाळीनं केलं, मीही केलं.

पुलीला हात लावून बघा म्हटलं, इंजिन बंद केल्यावर. कोमट. हा विषय पुढच्या वेळी.

१४ फेब्रुवारी

उष्णतेचा हिशेब. हा भाग पोरांना कंटाळवाणा वाटेल अशी भीती होती, पण गॅरेजात जाणाऱ्या पोराला पैसे इथंच मिळणार आहेत.

८०० गाडी माणसांसकट ८०० किलो धरली. रेस देऊन इंजिन १,५०० वर स्थिर ठेवलं आणि क्लच सोडत गाडी त्या वेगाला आणली, म्हणजे पहिल्यात ताशी सव्वानऊ किलोमीटर. गाडीत आलेली गतिज ऊर्जा सुमारे २,७०० ज्यूल. इंजिनाचा वेग स्थिर असला आणि रस्ता सपाट, तर जेवढी ऊर्जा गाडीत जाते तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. अर्धी गाडीला, अर्धी प्लेटला. ड्रायव्हर कितीही हुशार असो, क्लच हळू सोडा की पटकन, हा वाटा तोच राहतो. २,७०० ज्यूल म्हणजे काही फार नाही, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं पाच किलो लोखंड एखाद्या अंशानं तापेल.

तीच गाडी तिसऱ्या गिअरमध्ये काढली तर १,५०० ला जुळणारा वेग जवळजवळ पावणेतीन पट होतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर, म्हणजे सात पटीहून जास्त उष्णता. तिसऱ्यात गाडी उचलून "माझ्या गाडीला पिकअप आहे" म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

पण क्लच खरा जळतो तो चढावर. रेल्वेच्या पुलावर वाहनं तुंबली की लोक ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. दहा मीटरला एक मीटर चढ धरला तर चाकांवर सुमारे ७८० न्यूटन, क्लचवर पावणेतेरा न्यूटन मीटर. इंजिन १,००० वर. गाडी जागेवर उभी, त्यामुळे गाडीला काहीच जात नाही, सगळी ताकद प्लेटमध्ये. साडेतेराशे वॅट. पाणी तापवायचा रॉड बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचवरच्या कवचात, ठेवून दिल्यासारखं, आणि त्या पुलावर पाच मिनिटं सहज जातात. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिसाच्या वर असताना तर बोलायलाच नको.

आमच्या फ्लायव्हीलवरच्या निळ्या डागांशेजारी आता या हिशेबाचा कागद चिकटवला आहे.

२१ फेब्रुवारी

कापलेल्या ८०० च्या मॉडेलचं रंगकाम झालं. इंजिनाबरोबर फिरणारं सगळं लाल, गिअरबॉक्सबरोबर फिरणारं सगळं पिवळं. पेडल दाबलं की लाल आणि पिवळ्यामध्ये कागद जाईल एवढी फट दिसते. लोकांना वाटतं प्लेट बोटभर लांब जाते. प्रत्यक्षात अगदी थोडी मोकळीक पुरते.

पाटीवरून वाद. पोरांना गिअर बदलण्याचा मुद्दा वर हवा होता. तो खोटा नाही. चालत्या गाडीत गिअर बदलताना सिंक्रोमेशच्या (गिअरचे वेग जुळवणारी सोय) शंकूला नव्या वेगाशी जुळवून घ्यायचं असतं. क्लच दाबलेला असेल तर त्याला फक्त हलकी प्लेट आणि इनपुट शाफ्ट ओढावा लागतो, नाहीतर अख्खं फ्लायव्हील. पण मुरलेला ट्रक ड्रायव्हर कानानं वेग जुळवून क्लचशिवाय गिअर टाकतो, मी पाहिलंय. उभी गाडी हलवणं मात्र त्याला क्लचशिवाय जमत नाही. म्हणून पाटीवर पहिलं कारण गाडी निघण्याचं, दुसरं गिअरचं. या बाबतीत मी ऐकलं नाही.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन. इंजिन दर अर्ध्या तासाला चालू करत होतो. गर्दी फोर्कपाशीच. शाळेच्या मुलांना "ढुक्" करून इंजिन बंद पाडण्यात जास्त रस, ते साहजिकच.

एक गृहस्थ अडून बसले. "माझ्या गाडीत क्लचच नाही, तुमची पाटी चुकीची आहे." गाडी कोणती विचारली, तर एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रच हलवतं ती. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून ही सोय छोट्या गाड्यांत पसरली. मी म्हटलं, "काका, तुमच्या गाडीत क्लच आहे, पेडल नाही. पाय तुमचा नाही, यंत्राचा, एवढंच." उंच पोरानं पुढे सांगितलं की अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरमध्येही आहे, मागच्या बाजूला, वेग वाढला की आपोआप बाहेर फेकला जाऊन पकडणारा. आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये प्लेटऐवजी तेल घसरतं. हेर्मान फ्योटिंगरनं ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांसाठी काढली. म्हणजे घसरण सगळीकडे आहेच, ती कुठं लपवली आहे एवढाच फरक. काका पटून गेले की कंटाळून, कळलं नाही.

दुपारी अण्णा येऊन गेले. आपल्या पुल्या बघितल्या, पट्टा ढिला आहे म्हणाले आणि स्वतःच इंजिनाचे बोल्ट सैल करून ताणून दिला. त्यानंतर घसरण खरंच जास्त नेमकी झाली.

पुढच्या बॅचसाठी: लूज पुलीचं बुश बदलणे, ते आता खडखडतंय. दोन्ही बाजूंचे फेरे मोजणारे आकडे लावले तर घसरण डोळ्यांनी दिसेल. फोर्कला खाचा पाडणे, म्हणजे तो मध्येच थांबवता येईल. मामांचं इंजिन उद्या पंपावर परत बसवून द्यायचं आहे.